फुलपाखरांना अभय, पण कोणाच्या खर्चाने?

डोंगरावरचे जंगल राखावे की त्यावर पोट भरणाऱ्यांना ते वापरू द्यावे, हा वाद बुलढाणा जिल्ह्यात बहुधा वाघाच्या, बिबट्याच्या किंवा पाण्याच्या नावाने होतो. फुलपाखरांच्या नावाने कोणी तो काढला तर ऐकणाऱ्याला ती रिकामपणची चैन वाटते. धर्मविचाराच्या अंगाने पाहिले तर मात्र वाघापेक्षा फुलपाखराचा दाखला अधिक अवघड आहे, आणि अवघड आहे म्हणूनच तो अधिक कामाचा आहे. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ महाराष्ट्र आणि तेलंगणातील अनेक जिल्हे तुडवत डिसेंबरच्या सुमारास ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तेव्हा त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, त्याला क्रमांक होता आणि पुढे ‘वॉकर’ हे नावही मिळाले. त्या एका जिवाला आसरा द्यावा की नाही, एवढाच प्रश्न होता. स्थलांतर करणाऱ्या फुलपाखराला असे नाव नसते, क्रमांक नसतो आणि बहुतेक वेळा परतीचा प्रवासही नसतो. एखाद्या दरीतून पावसाच्या तोंडावर जे उडून जाते आणि पाऊस सरल्यावर जे त्या दरीत उतरते, ती सहसा दोन वेगळी फुलपाखरे असतात व त्यांच्यात पिढ्यांचे अंतर असते. मग जंगल राखणाऱ्याने अभय दिले ते नेमके कोणाला, हा प्रश्न उरतो. आणि त्याच्यामागोमाग दुसरा येतो, की त्या अभयाचा खर्च कोणी सोसायचा.

जिल्ह्याची भूमी तीन पट्ट्यांची आहे. उत्तरेला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांच्या माथ्यावर सातपुड्याची रांग, मधोमध पूर्णा नदीचे सपाट, काळ्या मातीचे खोरे, आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेचा कडा चढून गेल्यावर लागणारे पठार. लोक याच कड्यावरून मुलूख ‘घाटाखालचा’ आणि ‘घाटावरचा’ असा वाटून घेतात. सातपुड्यातले अंबाबरवा आणि अजिंठ्याच्या रांगेतले, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा, ही दोन्ही अभयारण्ये १९९७ साली घोषित झाली. दोन्हीकडचे जंगल शुष्क पानझडी, म्हणजे उन्हाळ्यात पाने गाळून उघडे पडणारे आहे: साग, अंजन, धावडा, सालई, पळस, तेंदू, मोह. अशा जंगलात एप्रिल-मे महिन्यांत सावली आणि ओल उरते ती नाल्यांच्या काठी आणि अरुंद दऱ्यांत, जिथे उंबर, जांभूळ, करंज यांच्याखाली दुपारीही थोडा गारवा टिकतो. फुलपाखरांच्या दृष्टीने डोंगराचे मोल या चिंचोळ्या पट्ट्यांत साठलेले असते, आणि हे पट्टे इतके बारीक असतात की जंगलाचे क्षेत्रफळ मोजणाऱ्या आकड्यांत ते वेगळे दिसतच नाहीत.

या डोंगरांत मेक्सिकोप्रमाणे कोट्यवधी फुलपाखरे झाडांना लगडत नाहीत, हे आधीच सांगून टाकलेले बरे. ज्यांच्याविषयी येथे बोलायचे आहे ती साधी, सर्वत्र आढळणारी फुलपाखरे आहेत. ब्लू टायगर, कॉमन क्रो आणि प्लेन टायगर ही डॅनाइड गटातली, म्हणजे ज्यांच्या अंगात कडू विष साठलेले असल्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत अशा गटातली. दक्षिण भारतात या गटातील काही जातींचे थवे पावसाळ्याच्या आधी सह्याद्रीकडून पूर्वेच्या मैदानांकडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उलट दिशेने जाताना नोंदले गेले आहेत. कोरड्या महिन्यांत ती अंडी घालणे थांबवतात आणि सावलीच्या, दमट जागी दिवस काढतात. पाऊस पडून वेली फुटल्या की पुन्हा पसरतात. कॉमन एमिग्रंट हे फिकट पिवळसर फुलपाखरू तर भटकंतीसाठीच ओळखले जाते, त्याची अळी बहाव्याच्या आणि पळसाच्या पानांवर वाढते. प्लेन टायगरची अळी रुईवर जगते, कॉमन क्रोची उंबर-वडावर, कण्हेरीवर आणि उपळसरीच्या वेलीवर. यावरून एक गोष्ट लगेच ध्यानात येते, की या जिवाचे एकच घर नाही: अळीला एक झाड लागते, पंख फुटल्यावर मधासाठी दुसरे, आणि उन्हाळा काढण्यासाठी तिसरी जागा.

जवळून पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. ब्लू टायगरचा नर वाळून गेलेल्या खुळखुळ्याच्या किंवा भुरुंडीच्या काडीवर बसतो, पायांच्या नख्यांनी तिची साल खरवडतो, सोंडेतून थेंबभर ओलावा त्या जखमेवर सोडतो आणि विरघळलेला कडू रस पुन्हा ओढून घेतो. त्या रसात अल्कलॉइड, म्हणजे वनस्पती स्वतःच्या रक्षणासाठी तयार करते ते नत्रयुक्त संयुग असते. यातूनच नर मादीला आकर्षून घेणारा गंध बनवतो आणि स्वतःचा कडूपणाही वाढवतो. एका वाळक्या काडीवर असे दहा-पंधरा नर एकमेकांना ढकलत बसलेले दिसतात. जी काडी सरपणालाही उपयोगी नाही, जिला गुरेही तोंड लावत नाहीत, तिच्यावर एका जातीचा वंश अवलंबून असावा, ही गोष्ट कोणत्याही धर्मशास्त्राने आधी हिशेबात धरलेली नव्हती.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हाच वाद पूर्ण रंगात खेळला गेला आहे, म्हणून तो थोडक्यात पाहावा लागतो. उत्तर अमेरिकेतील मोनार्क फुलपाखरे हिवाळ्यासाठी मेक्सिकोतील मिचोआकान आणि मेक्सिको या राज्यांच्या सीमेवरील उंच डोंगरांत, ओयामेल नावाच्या सूचिपर्णी वृक्षांच्या जंगलात उतरतात. बाहेरच्या जगाला या जागा १९७५ साली कळल्या. डोंगरातल्या लोकांना त्या पिढ्यान् पिढ्या ठाऊक होत्या, आणि नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या सणाच्या दिवसांत येणारी ही फुलपाखरे म्हणजे परतलेले पूर्वज होत, अशी तेथल्या पुरेपेचा आणि मासावा लोकांत श्रद्धा आहे. १९८६ साली सरकारने हुकूम काढून तोडबंदी केली. जंगल गावांच्या सामाईक मालकीचे होते, बंदी मात्र वरून आली, आणि बंदीच्या आतही कुऱ्हाड चालत राहिली. २००० साली क्षेत्र वाढवताना तोड सोडून देणाऱ्या गावांना मोबदला देण्यासाठी निधी उभा करावा लागला, तेव्हा कुठे मोठ्या प्रमाणावरची तोड आटोक्यात येऊ लागली. तरीही १९९६-९७ च्या हिवाळ्यात सुमारे १८ हेक्टरांवर पसरलेले मोनार्क २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टरावर आले, आणि त्याचे एक मोठे कारण डोंगरात नव्हतेच; अमेरिकेच्या मका-सोयाबीनच्या सपाट शेतांत तणनाशकांनी रुईच्या कुळातली ती वनस्पती नाहीशी केली होती, जिच्यावाचून मोनार्कची अळी जगत नाही. डोंगरावरच्या गरिबाच्या हातातली कुऱ्हाड सगळ्यांना दिसली. मैदानातल्या संपन्न शेतकऱ्याचा फवारा दिसायला वीस वर्षे लागली.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. भारतीय परंपरेत अहिंसेचा विचार मुख्यतः एकेका जिवाला धरून चालतो. जैन तत्त्वज्ञानात जिवांची वाटणी इंद्रियांवरून केली जाते: वृक्ष एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्श जाणणारा; भुंगा आणि त्याच्या जातीचे उडणारे कीटक चतुरिंद्रिय, म्हणजे स्पर्श, रस, गंध आणि रूप जाणणारे. या हिशेबाने फुलपाखराची हिंसा वृक्षाच्या हिंसेपेक्षा भारी ठरते, पण वृक्ष गेला की फुलपाखरू आपोआप जाते, हा संबंध इंद्रियांच्या मोजदादीत बसत नाही. तरी जैन आचारधर्म येथे थांबला नाही, हे मान्य करावे लागते. श्रावकाला, म्हणजे गृहस्थ जैनाला, जे पंधरा व्यवसाय निषिद्ध सांगितले आहेत त्यांत कोळसा पाडणे, जंगल तोडून विकणे, रान पेटवणे आणि तळी आटवणे ही कामे येतात. येथे दोष कुऱ्हाड धरणाऱ्या हाताइतकाच तिच्यावर नफा कमावणाऱ्या पेढीवर ठेवलेला आहे, आणि जिवाबरोबर त्याच्या राहण्याच्या जागेचाही विचार केलेला आहे. मौर्य सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातही हाच सूर आहे: ज्या भुशात जीव आहेत तो जाळू नये आणि जंगले विनाकारण किंवा प्राणी मारण्यासाठी पेटवू नयेत, अशी आज्ञा त्यात कोरलेली आहे.

बौद्ध विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांच्या संग्रहात, याहून नेमकी कथा आहे. आळवी येथील एक भिक्खू विहार बांधण्यासाठी झाड तोडू लागतो. त्या झाडात राहणारी देवता त्याला विनवते, की स्वतःचे घर उभारण्यासाठी माझे घर पाडू नकोस. तो ऐकत नाही, आणि घाव देवतेच्या बालकाच्या हातावर बसतो. संतापलेली देवता त्याला ठार मारण्याच्या विचारापर्यंत जाते, मग सावरते आणि बुद्धाकडे दाद मागते. त्यातून वनस्पती न तोडण्याचा नियम जन्माला येतो. या कथेत देवतेची तक्रार वेदनेची कमी आणि बेघर होण्याची जास्त आहे, शिवाय घर पाडले जाते तेही धर्मकार्यासाठी. बुलढाणा जिल्ह्यातल्या गावोगावच्या विहारांत आषाढी पौर्णिमेपासून जो वर्षावास पाळला जातो, त्याचाही मूळ हेतू असाच आहे: पावसात कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत म्हणून भिक्खूंनी तीन महिने एका जागी राहायचे. फुलपाखरे ज्या दिवसांत पसरतात त्याच दिवसांत माणसाने हालचाल आवरायची, असा हा विलक्षण मेळ आहे.

पुन्हा तेच फुलपाखरू येत नाही, या अडचणीचेही उत्तर बौद्ध विचारात सापडते. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन भिक्खू राजा मिलिंदाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला देतो: पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच नाही आणि निराळीही नाही, एका आधाराने अखंड चाललेली ती परंपरा आहे. स्थलांतराच्या साखळीलाही हेच लागू पडते. दरीत परतते ते कोणी एक फुलपाखरू नव्हे, परतते ती एक चाल, आणि ती चाल टिकते ती वाटेवरची झाडे, वेली, ओल यांच्या आधारावर. म्हणून अशा जिवाच्या बाबतीत अभय देण्याजोगी वस्तू एकच उरते, ती म्हणजे जागा. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त राज्याच्या सीमेवर एक असे रान राखायला सांगितले आहे, जिथे येणारा प्रत्येक पशू पाहुणा मानला जावा; पाहुण्याची ओळख न विचारता ओसरी मोकळी ठेवण्याचा हा राजकीय नियम आजच्या अभयारण्याच्या कल्पनेला फार जवळचा आहे.

परंतु ओसरी कोणाची, हे कौटिल्य विचारत नाही. ते विचारणारा या भागातल्या वाचकाला सर्वांत जवळचा ग्रंथ ज्ञानेश्वरी हा आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना ज्ञानदेव अहिंसेवर दीर्घकाळ रेंगाळतात, आणि तिचे वर्णन करण्याआधी अहिंसेच्या नावाने चालणाऱ्या व्यवहारांची निर्दय झाडाझडती घेतात. पाऊस पडावा, लोक जगावेत म्हणून यज्ञात पशू मारणाऱ्या कर्मकांडाला ते झाडाच्याच फांद्या तोडून झाडाभोवती कुंपण घालणाऱ्याची, स्वतःचा हात तोडून, शिजवून भूक भागवणाऱ्याची आणि देऊळ पाडून त्याच दगडांनी देवाला आवारभिंत बांधणाऱ्याची उपमा देतात. एका रोग्याचा जीव वाचवण्यासाठी कित्येक झाडे मुळांसकट उपटणारे, कित्येकांची साल सोलणारे वैद्यही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. आणि पुढे ते आणखी एक पायरी चढतात: नांदती घरे मोडून देव्हारे उभारणे, व्यवहारात लोकांना नागवून मग अन्नछत्र घालणे, हीही त्यांच्या लेखी त्याच जातीची अहिंसा आहे. संतवाङ्मयातले वृक्षप्रेम वनमहोत्सवाच्या फलकांपुरते उरलेले असताना आणि शासनाची एक वनयोजनाही संत तुकारामांच्या नावाने चालत असताना, तेराव्या अध्यायातला हा भाग कोणी फलकावर लिहीत नाही. त्याचे कारण उघड आहे. तो वाचणाऱ्याला गोंजारत नाही.

या झाडाझडतीनंतर खऱ्या अहिंसेचे जे चित्र येते, त्यातही एक कीटक आहे. केसर चुरगळेल या शंकेने कमळावर हळुवार पाय ठेवणारा भुंगा, आणि परमाणूंत गुंतलेले बारीक जीव जाणून करुणेत पावले लपवत चालणारा पुरुष, अशी ती जोडी आहे. हे उदाहरण वेगळे काढून दाखवण्याचे कारण असे, की एरवी आपल्या धर्मवाङ्मयात कीटक बहुधा दृष्टान्तापुरताच येतो. दिव्यावर झेपावणारा पतंग गीतेपासून एकनाथी भागवतापर्यंत विनाशाचा किंवा मोहाचा नमुना म्हणून जळत राहिला आहे. भृंगी आणि कीटक यांचा न्याय तर त्याहून प्रसिद्ध: गांधीलमाशी अळीला मातीच्या घरट्यात कोंडते, भयाने सतत तिचेच चिंतन करून अळी स्वतः भृंगी होते, तसा भक्त चिंतनाने देव होतो, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ती अळी भृंगीच्या पिल्लांसाठी डंख मारून निपचित पाडलेली शिदोरी असते, आणि घरट्यातून बाहेर पडते ते तिला खाऊन वाढलेले पिल्लू. दृष्टान्त भक्तीपुरता सुंदर आहे आणि त्याने कोणाचे वाईट केलेले नाही. पण ज्या परंपरेने रूपांतराचा एवढा ध्यास घेतला, तिने अळीच्या कोषातून खरोखर घडणारे रूपांतर मात्र रुईच्या पानाखाली लोंबत ठेवले, हे नोंदवायला हवे.

परंपरा जंगलाच्या बाजूने एकमुखाने उभी आहे, असेही नाही. महाभारतातील खांडववनाचे दहन ही कृष्ण आणि अर्जुन यांच्या पराक्रमाची कथा आहे, आणि त्यात पळू पाहणारे जीव पुन्हा आगीत लोटले जातात. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रसंगातल्या क्रौर्यावर बोट ठेवले आणि त्यामागे नव्या जमिनीची हाव पाहिली. जंगल जाळून राज्य वसवणाऱ्यांचे वंशज आणि जंगल राखायला निघालेले अधिकारी एकच ग्रंथ पूज्य मानतात. म्हणून केवळ ग्रंथ पुढे करून हा वाद मिटत नाही.

जिल्ह्यातील वादाचे खरे स्वरूप मार्च-एप्रिल महिन्यांत, मोहाच्या झाडाखाली दिसते. पहाटे गळणारी मोहफुले वाळक्या पानांत हरवतात, म्हणून वेचणारे आधीच झाडाखालचा पाचोळा पेटवतात. वाऱ्याने ती आग पसरली की वणवा होतो, आणि पाचोळ्यात, गवतात, खालच्या फांद्यांवर असलेले कोष, अळ्या आणि नाल्याकाठच्या वाळक्या खुळखुळ्याच्या काड्या सगळेच जाते. वेचणारी बहुतेक सातपुड्याच्या पट्ट्यातली कोरकू, निहाल, भिलाला कुटुंबे असतात, ज्यांच्यासाठी मोहफुले, तेंदूपाने आणि डिंक ही उन्हाळ्यातली रोकड आहे. त्यांच्यातल्या काहींची जबरानजोत, म्हणजे वनजमिनीवर कित्येक वर्षे कसत असलेले पण कागदावर नसलेले शेत, अजून मान्यतेची वाट पाहते. त्यांच्या डोंगराला देव आहे, गावच्या वेशीवर मुठवा आहे, मेलेल्या माणसाच्या नावाने कोरलेला लाकडी स्तंभ झाडाखाली रोवण्याची चाल आहे. म्हणजे पूर्वज जंगलात राहतात, ही समजूत मेक्सिकोच्या डोंगरांइतकीच येथेही घरची आहे. अशा माणसाला ‘जंगल पवित्र आहे’ हे बाहेरच्याने सांगायला जाणे विनोदी ठरते. आग मात्र आग आहे, आणि तिने होणारी हानी श्रद्धेने कमी होत नाही, हेही तितकेच खरे.

संरक्षणाची बाजू मांडणारे म्हणतात की थोड्यांच्या सोयीसाठी सर्वांचा ठेवा जाऊ देता येत नाही. जागा एकदा मोडली की फुलपाखरांची वाट पुन्हा बांधता येत नाही. हा मुद्दा बिनतोड आहे. पण त्यातून लगेच ‘म्हणून माणसे हलवा’ या निष्कर्षावर उडी मारली जाते, तेव्हा धर्मशास्त्राने फार पूर्वी घातलेली एक अट विसरली जाते. धर्मशास्त्रात दान म्हणजे स्वतःची मालकी सोडून ती दुसऱ्याची करणे. जे स्वतःचे नाही ते दिले तर त्याला दान म्हणत नाहीत. पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदातील विधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, विश्वजित यज्ञाच्या निमित्ताने हा प्रश्न राजाच्या बाबतीत विचारला गेला आहे: या यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचे असते, मग राजाने सगळी भूमी देऊन टाकावी काय? जैमिनींचे उत्तर नकाराचे आहे, कारण भूमीशी सर्वांचा संबंध सारखाच आहे. राजा तिचे रक्षण करतो, तिचा धनी होत नाही. अभयदान हे सर्व दानांत श्रेष्ठ मानले गेले, पण तेही दानच आहे आणि दानाचे नियम त्यालाही लागू आहेत. कोरकूच्या मोहावर, धनगराच्या चराईवर पाणी सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी कोणी अभयदानाचे पुण्य पदरात घेत असेल, तर तो देव्हाऱ्यासाठी नांदते घर मोडणाऱ्यांच्या पंगतीत बसतो.

आणखी एक कटू गोष्ट येथे टाळता येत नाही. गृहस्थाने रोज करायच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ, म्हणजे शिजवलेल्या अन्नातला वाटा इतर जिवांसाठी बाहेर ठेवणे, हा अतिशय सुंदर विधी आहे आणि त्यात कृमींचाही वाटा आहे. पण मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात हा वाटा ज्यांच्यासाठी जमिनीवर ठेवायला सांगितला आहे त्या यादीत कुत्रे, कावळे आणि किडे यांच्यासोबत पतित, श्वपच म्हणजे अस्पृश्य ठरवलेली, आणि महारोगी माणसेही बसवली आहेत. ज्या वऱ्हाडात आंबेडकरी विचार गावागावांत रुजला आहे, तिथल्या वाचकाला ही यादी वाचून जे वाटते ते फुलपाखरांच्या प्रेमाखातर गिळता येणार नाही. किड्याविषयीची करुणा आणि माणसाविषयीचा तुच्छभाव एकाच श्लोकात सुखाने नांदू शकतात, हे त्यावरून सिद्ध होते. आणि वन्यजीवांच्या आराखड्यात जंगलातला माणूस ‘उपद्रव’ या सदरात गुरे आणि वणव्याशेजारी मांडला जातो, तेव्हा जुनी यादीच नव्या अक्षरात लिहिली जाते.

कायद्याने या बाबतीत धर्मचर्चेपेक्षा पुढचे पाऊल टाकले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला, आणि चौथ्या कलमाने असे ठरवले की वन्यजीवांच्या अतिमहत्त्वाच्या अधिवासातून माणसांचे हक्क काढून घ्यायचे असतील तर आधी ते हक्क मान्य करण्याची प्रक्रिया पुरी झाली पाहिजे, सहजीवनाचा दुसरा मार्ग उरलेला नाही हे दाखवले पाहिजे आणि ग्रामसभेची स्वतंत्र, सर्व माहितीनिशी दिलेली संमती मिळाली पाहिजे. आधी मालकी, मग त्याग, हा दानाचाच क्रम आहे. प्रत्यक्षात तो अनेकदा उलटा चालवला जातो: आधी त्याग करवून घेतला जातो आणि मालकीचा दावा वर्षानुवर्षे फायलीत पडून राहतो.

उरतो तो खर्चाचा प्रश्न, आणि तो मोजताना नजर घाटाखालच्या व घाटावरच्या शेतांकडे वळवावी लागते. ब्लू टायगर उन्हाळा दरीत काढतो, पण पावसाळ्यात तो आणि त्याचे सोबती कपाशी-सोयाबीनच्या शिवारात पसरतात. त्यांना लागणारी रुई, टाकळा, वेली आणि भुरुंडी ज्या धुऱ्यांवर वाढत ते धुरे, म्हणजे दोन शेतांमधले बांध, नांगरटीने निमुळते झाले आणि तणनाशकाने स्वच्छ झाले. पूर्वी हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा ताग, जो खुळखुळ्याचाच सख्खा भाऊ आहे, तोही कमी झाला. या स्वच्छतेला कोणी जंगलतोड म्हणत नाही, तिच्यासाठी कोणावर गुन्हा दाखल होत नाही, आणि ती करणारा शेतकरी कर्जाच्या ओझ्याखाली असतो हेही विसरता येत नाही. पण डोंगरातल्या माणसाकडे त्याग मागायचा आणि मैदानाकडे काहीच मागायचे नाही, हा न्याय नाही. आणि बाजारपेठा, देवस्थाने, शिक्षणसंस्था मैदानात असल्यामुळे खर्च उचलण्याची ताकदही तेथेच अधिक आहे.

म्हणून निवाडा असा द्यावा लागतो, की बुलढाण्याच्या डोंगरांतल्या ओल्या दऱ्या, नाल्यांचे काठ आणि त्यांतल्या वेली यांना तोडीपासून आणि आगीपासून पूर्ण अभय मिळाले पाहिजे, यात तडजोड नाही. परंतु त्या अभयाचे मोल ज्यांना त्यातून पुण्य, पाणी किंवा पर्यटन मिळते त्यांनी भरले पाहिजे. मोहाखाली पाचोळा न जाळता झाडाभोवती जाळी अंथरून फुले झेलण्याची रीत मध्य भारतात वापरात आली आहे. ज्ञानगंगा आणि अंबाबरव्याच्या फुलपाखरांविषयी ज्यांना कळकळ आहे त्यांनी, विशेषतः जिल्ह्यातल्या देवस्थानांनी आणि सहकारी संस्थांनी, पुढचा मोह गळायला लागण्याआधी ग्रामसभांना विचारून या जाळ्या विकत घेऊन द्याव्यात, आणि शेत असलेल्यांनी निदान एका धुऱ्यावरची रुई आणि टाकळा फवाऱ्यातून वगळावा. पाचोळ्याची आग थांबवा, असे डोंगरातल्या माणसाला सांगण्याचा अधिकार त्यानंतरच त्यांना पोहोचतो.